झाड उजेडानुसार, कुंडी घरानुसार

नव्या घराचे रंगकाम झाले, फर्निचर आले, पडदे लागले की रिकाम्या राहिलेल्या कोपऱ्याकडे लक्ष जाते. तेथे एखादे हिरवे झाड शोभून दिसेल, असे घरातील प्रत्येकाला वाटते. मग रोपवाटिकेतून एक डौलदार झाड आणि दुकानातून एक देखणी कुंडी आणली जाते. पहिले काही आठवडे येणारे-जाणारे कौतुक करतात. त्यानंतर पाने पिवळी पडू लागतात, देठ लुळे होतात आणि दोन-तीन महिन्यांत ती कुंडी जिन्याखाली रिकामी जाऊन बसते. दिल्लीपासून चेन्नईपर्यंत अनेक घरांना हा अनुभव आलेला असतो. ‘आमच्या हाताला झाड लागत नाही’ असा निष्कर्ष काढून ही हौस तेथेच सोडून दिली जाते.

बहुतेक वेळा चूक निवडीच्या क्रमात झालेली असते. सोफा, दिवा किंवा भिंतीवरचे चित्र केवळ रंग आणि आकार पाहून निवडता येते. झाड सजीव असल्याने त्याला जागा मानवली पाहिजे. घराच्या शैलीला काय शोभेल हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. त्या जागी काय जगेल, हा पहिला प्रश्न होय. म्हणून झाड घरातील उजेडानुसार आणि कुंडी घराच्या सजावटीनुसार निवडावी, हे साधे सूत्र लक्षात ठेवल्यास पैसा वाचतो आणि झाडही वाचते.

आधी उजेड पाहावा

घरातला उजेड आपल्या डोळ्यांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. माणसाची दृष्टी अंधूक प्रकाशाशी लगेच जुळवून घेते, झाडाला मात्र मिळेल तेवढ्याच प्रकाशावर आपले अन्न तयार करावे लागते. खिडकीजवळ भरपूर असलेला उजेड दोन-तीन मीटर आत गेले की झपाट्याने घटतो. त्यामुळे एकाच दिवाणखान्यात खिडकीजवळचा कोपरा आणि दूरचित्रवाणी संचाशेजारचा कोपरा या झाडाच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या जागा असतात.

उजेड जोखण्याची एक सोपी रीत आहे. दुपारच्या सुमारास घरातील दिवे बंद करून ठरलेल्या जागी कोरा पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्या साधारण एक फूट वर हात धरावा. सावली ठळक आणि रेखीव पडली तर तेथे भरपूर उजेड आहे. सावलीच्या कडा पुसट असतील तर उजेड मध्यम समजावा. सावली जेमतेम जाणवत असेल तर तो कमी उजेड होय. सावली अजिबात पडत नसेल तर त्या जागी झाड ठेवण्याचा विचार सोडून द्यावा आणि तेथे एखादे शिल्प, दिवा किंवा पितळी भांडे ठेवावे.

खिडकीची दिशाही पाहावी. पूर्वेकडच्या खिडकीतून येणारे सकाळचे कोवळे ऊन बहुतेक शोभेच्या झाडांना मानवते. पश्चिमेकडचे ऊन मार्च ते मे या महिन्यांत इतके प्रखर असते की पातळ पानांची झाडे करपतात. तेथे निवडुंग, कोरफड किंवा जेड यांसारखी जाड पानांची झाडे ठेवावीत, नाहीतर पातळ पडदा लावावा. दक्षिणेकडच्या खिडकीतून हिवाळ्यात, सूर्य कललेला असताना, ऊन खोलवर आत येते. उत्तरेकडून थेट ऊन फारसे येत नाही, मात्र दिवसभर सौम्य उजेड मिळतो. समोर उंच इमारत उभी असेल तर दिशेचा हा सारा हिशेब बदलतो, हेही ध्यानात घ्यावे.

कमी उजेडात स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, हिरव्या पानांचा अ‍ॅग्लोनिमा आणि मनीप्लांट तग धरतात. मध्यम उजेडात रबर प्लांट, मॉन्स्टेरा, अरेका पाम, पीस लिली आणि नेचे चांगले वाढतात. क्रोटनसारख्या रंगीत पानांच्या झाडांना भरपूर उजेड लागतो. तो न मिळाल्यास त्यांची पिवळी-तांबडी छटा उतरते आणि पाने हिरवट होतात. ज्या रंगासाठी झाड विकत घेतले, तोच अशा वेळी नाहीसा होतो.

उजेडाच्या जोडीला हवामान येते. मुंबई, कोकण, गोवा, कोलकाता आणि चेन्नईची दमट हवा नेच्यांना मानवते. तेच नेचे नागपूर, इंदूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात कडांनी तपकिरी होतात. वातानुकूलन यंत्राने खोलीतील हवा कोरडी होते, तर डेझर्ट कूलरमुळे आर्द्रता वाढते. मात्र या दोहोंपैकी कोणत्याही यंत्राचा झोत झाडावर थेट येऊ देऊ नये. उत्तर भारतातील आणि डोंगराळ प्रदेशातील कडक थंडीत उष्ण कटिबंधातील झाडे खिडकीच्या गार काचेपासून दूर ठेवावीत. तापमान दहा अंशांखाली गेल्यास त्यांतील बऱ्याच झाडांची पाने काळवंडतात.

जागेला मानवणाऱ्या पाच-सहा झाडांची अशी यादी हाती आली की मग सजावटीचा विचार सुरू करता येतो. या यादीतून घराच्या शैलीला साजेसे झाड आणि त्याला साजेशी कुंडी निवडणे सोपे जाते.

पारंपरिक सजावटीचे घर

शिसवी किंवा सागवानी फर्निचर, पितळी समया, झोपाळा, जुनी चित्रे अशी मांडणी असलेल्या घरात झाडे निवडताना एक गोष्ट विसरली जाते. आपल्याकडे पूर्वी झाडे घरात नसत, ती अंगणात किंवा चौकात असत. पुण्यातील वाड्याचा चौक, केरळमधील नालुकेट्टू घराच्या मधले मोकळे अंगण, चेट्टिनाड भागातील घरांचे चौक या सर्व ठिकाणी आकाश उघडे असे. तुळस, मोगरा, जास्वंद ही झाडे तेथे बहरत, कारण त्यांना रोज कित्येक तास ऊन मिळत असे. परंपरेची आठवण म्हणून हीच झाडे दिवाणखान्यात आणली तर ती खंगत जातात. तुळशीची जागा सज्जात किंवा ऊन येणाऱ्या खिडकीतच असावी. वृंदावन लहान असले तरी चालेल, पण ऊन कमी असून चालणार नाही.

घरात ठेवण्यासाठी परंपरेतच एक सुंदर झाड आहे, ते म्हणजे विड्याच्या पानांची नागवेल. पानमळ्यांत ती मुद्दाम सावलीत आणि ओलाव्यात वाढवली जाते. त्यामुळे पूर्वेकडच्या खिडकीजवळ, उन्हाचा थेट मारा नसलेल्या जागी, काठीच्या किंवा जाळीच्या आधाराने ती चांगली चढते. तिची तुकतुकीत, हृदयाच्या आकाराची पाने लाकडी फर्निचरला शोभतात आणि सणावाराला उपयोगीही पडतात. मोठ्या खोलीत अरेका पाम किंवा ऱ्हापिस पाम ठेवल्यास देवघर आणि झोपाळा यांच्या मांडणीशी तो विसंगत वाटत नाही.

अशा घरात कुंडीची हौस जुन्या भांड्यांनी भागवता येते. माळ्यावर पडलेले तांब्याचे घंगाळ, पितळी हंडा किंवा पाण्याचे जुने पिंप झाडासाठी उत्तम दिसते. मात्र माती थेट धातूच्या भांड्यात भरू नये. ओली माती आणि खत यांमुळे धातूवर डाग पडतात आणि भांड्याला भोक नसल्याने पाणी तळाशी साचून मुळे कुजतात. झाड साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीतच असू द्यावे आणि ती कुंडी घंगाळात ठेवावी. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढून न्हाणीघरात न्यावी, पाणी निथळू द्यावे आणि मग ती परत जागेवर ठेवावी. आजीचे घंगाळ आणि झाड दोन्ही त्यामुळे टिकतात.

आधुनिक, मोजक्या वस्तूंचे घर

पांढऱ्या किंवा राखाडी भिंती, सरळ रेषांचे फर्निचर आणि मोकळी जागा हे या शैलीचे वैशिष्ट्य. अशा घरात दहा लहान कुंड्या मांडल्या की पसारा वाटतो. त्याऐवजी एकच उंच, ठसठशीत आकाराचे झाड ठेवावे. तलवारीसारख्या उभ्या पानांचा स्नेक प्लांट अरुंद कोपऱ्यात शोभतो. जाड, चकचकीत पानांचा रबर प्लांट मोकळ्या भिंतीसमोर उठून दिसतो. झेडझेड प्लांटची मेणचट पाने जणू घासूनपुसून ठेवल्यासारखी दिसतात. पूर्व आफ्रिकेतील हे झाड १९९० च्या दशकात हॉलंडमधील रोपवाटिकांनी मोठ्या प्रमाणावर वाढवण्यास सुरुवात केली आणि नंतर ते जगभर पसरले. त्याच्या मातीखालच्या जाड कंदांत पाणी साठवलेले असते, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी न मिळाले तरी ते तगते. सतत प्रवास करणाऱ्यांना ते सोयीचे आहे.

रबर प्लांट पाहिला की तो परदेशी असावा असे वाटते. प्रत्यक्षात वड-पिंपळाच्या कुळातील हे झाड आपल्या ईशान्य भारतातही निसर्गतः वाढते. मेघालयातील खासी आणि जयंतिया लोक याच झाडाची जिवंत मुळे ओढ्यांवरून वळवून पूल तयार करतात. या पुलांवरून त्याच्या मुळांच्या ताकदीची कल्पना येते. म्हणूनच कुंडीत मोठे झालेले रबराचे झाड इमारतीच्या भिंतीलगत जमिनीत लावण्याची चूक करू नये.

या शैलीला पांढऱ्या, काळ्या किंवा राखाडी रंगाच्या, नक्षी नसलेल्या कुंड्या साजतात. फायबरच्या कुंड्या वजनाने हलक्या असल्याने वरच्या मजल्यावरील घरांना सोयीच्या पडतात. सिमेंटच्या कुंड्या दिसायला भारदस्त असतात, परंतु नव्या सिमेंटमधून चुन्याचा अंश पाण्यात उतरतो आणि मातीचा आम्लपणा कमी होतो. अशी कुंडी काही दिवस पाण्याने भरून ठेवावी, रोज पाणी बदलावे आणि मगच तिच्यात झाड लावावे.

जुन्या बंगल्याची, वसाहतकालीन धाटणीची सजावट

गोव्यातील बालकांव, कोलकात्यातील जुन्या घरांचे व्हरांडे, मुंबईतील पारशी घरे, छावणीतील बंगले यांतून आलेली ही शैली आहे. वेताच्या खुर्च्या, कोरीव टेबल, काळ्या-पांढऱ्या फरशा आणि जाड पडदे असे तिचे रूप असते. येथे भरगच्चपणा खपतो. नेचे, पाम, कॅलेडियम, बिगोनिया, क्रोटन अशी झाडे पायऱ्यांच्या स्टँडवर रांगेने मांडलेली शोभतात. वेताच्या किंवा लोखंडी नक्षीच्या स्टँडवर लोंबणारा बोस्टन नेचा ठेवला की व्हरांड्याचे रूप पालटते.

घरात झाडे ठेवण्याची हौस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वाढली, तेव्हा लंडनमधील डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या एका शोधाने तिला चालना मिळाली. १८२९ च्या सुमारास एका बंद काचेच्या बरणीत पतंगाचा कोष ठेवला असता आतल्या ओल्या मातीत नेचा उगवल्याचे त्यांना दिसले. काचेवर साचलेले बाष्प पुन्हा मातीत उतरत असल्याने वेगळे पाणी घालावे लागत नव्हते. याच तत्त्वावर तयार झालेल्या काचेच्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८५० च्या सुमारास चीनमधून चहाची रोपे भारतात आणली. आज टेबलावर ठेवली जाणारी काचेची बाग, म्हणजे टेरॅरियम, ही त्याच पेटीची धाकटी आवृत्ती आहे.

काचेची बाग सजवताना एक चूक सर्रास होते. बंद बरणीत निवडुंग आणि जाड पानांची रोपे लावून ती विकली जातात. कोरड्या प्रदेशातील ही रोपे कोंदट ओलाव्यात कुजतात. बंद काचेत शेवाळ, लहान नेचे आणि फिटोनिया लावावेत. निवडुंगासाठी उघडे, पसरट भांडे घ्यावे. बंद बरणी उन्हात ठेवू नये, आतली हवा तापून रोपे अक्षरशः शिजतात.

हस्तकलेने नटलेले घर

राजस्थानी आरशांचे भरतकाम, वारली चित्रे, कलमकारीचे पडदे, मधुबनीच्या तसबिरी अशा रंगीत घरात कुंडी हीदेखील कलावस्तू ठरते. देशाच्या कानाकोपऱ्यांत मातीकामाच्या परंपरा आहेत आणि प्रत्येकीचा बाज वेगळा आहे. उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील चकचकीत झिलईच्या रंगीत कुंड्या सर्वत्र मिळतात. आझमगड जिल्ह्यातील निजामाबादच्या काळ्या मातीकामावर रुपेरी नक्षी असते. पश्चिम बंगालमधील बांकुडा जिल्ह्यातील पाँचमुडा गाव भाजलेल्या मातीच्या घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मणिपूरमधील लोंगपी येथे दगडाची पूड मिसळून, चाकाचा वापर न करता, हाताने काळी भांडी घडवली जातात. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात मूळच्या सौराष्ट्रातील कुंभारांच्या वस्तीत साध्या कुंड्यांपासून नक्षीकामापर्यंत सारे काही मिळते.

जयपूरची निळी भांडी मात्र नेहमीच्या मातीची नसतात. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड आणि मुलतानी माती यांच्या मिश्रणातून ती घडवली जातात. ती नाजूक असल्याने त्यांत थेट माती भरण्यापेक्षा बाहेरचे आवरण म्हणून वापरणे योग्य.

या शैलीत निवडीचा नियम सोपा आहे. कुंडी नक्षीदार असेल तर झाडाची पाने साधी आणि हिरवी असावीत. पाने रंगीत किंवा चित्रविचित्र ठिपक्यांची असतील तर कुंडी साधी असावी. दोन्ही रंगीत असल्यास नजर कोठेच ठरत नाही. निळ्या जयपुरी भांड्यात गडद हिरवा पेपेरोमिया आणि साध्या तांबड्या कुंडीत चित्रांकित पानांचा कॅलेथिया, ही या नियमाची दोन उदाहरणे सांगता येतील.

अलीकडे विणलेल्या दोऱ्यांत टांगलेल्या कुंड्यांची आवड वाढली आहे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. दूध-दही मांजरापासून वाचवण्यासाठी पूर्वी घराघरांत शिंके टांगलेले असे. सुतळीच्या शिंक्यात मनीप्लांट किंवा स्पायडर प्लांट सुरेख लोंबतो. मात्र ओल्या कुंडीचे वजन लक्षात घेऊन हूक छताच्या पक्क्या भागातच ठोकावा आणि पाळणा किंवा पलंग यांच्या वर कुंडी टांगू नये.

एक-दोन खोल्यांचे घर

शहरांतील बहुसंख्य कुटुंबे लहान घरांत राहतात आणि त्यांना जमिनीवरची जागा अडवणे परवडत नाही. अशा घरात शैलीपेक्षा मांडणीला महत्त्व येते. मनीप्लांट येथे मोठा सोबती ठरतो. फ्रेंच पॉलिनेशियातील एका बेटावरून जगभर पसरलेला हा वेल पाण्याच्या बाटलीतही वाढतो. तो खाली सोडला तर पाने लहान राहतात आणि काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढवला तर पाने मोठी होत जातात. त्यामुळे कपाटावरून लोंबवायचा की कोपऱ्यात उभा वाढवायचा, हे जागा पाहून ठरवता येते.

लहान घरात सर्व कुंड्या एकाच रंगाच्या घेतल्यास खोली नीटनेटकी दिसते. निरनिराळ्या ठिकाणी एकेक कुंडी विखरून ठेवण्यापेक्षा खिडकीजवळ तीन किंवा पाच कुंड्या उंचीच्या उतरत्या क्रमाने एकत्र ठेवाव्यात. अशा समूहात झाडांभोवती थोडा ओलावाही टिकून राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन येत असेल तर पुदिना आणि पानओवा लावावा. साध्या भाजलेल्या मातीच्या कुंड्या तेथे जितक्या शोभतात, तितक्याच उपयोगीही पडतात.

कुंडीची पारख

सजावटीचा भार कुंडीवर टाकला तरी तिने आपले मूळ काम केले पाहिजे. भाजलेल्या मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडून जाते. त्यामुळे मुळांना हवा मिळते आणि जास्त पाणी घालण्याची सवय असलेल्यांची चूक झाकली जाते. निवडुंग, कोरफड आणि स्नेक प्लांट यांना ती उत्तम. कोरड्या हवेच्या शहरांत मात्र तिच्यातील माती लवकर वाळते. नवी कुंडी वापरण्यापूर्वी काही तास पाण्यात बुडवून ठेवावी, अन्यथा ती मातीतील ओलावा शोषून घेते. पाणी जड असेल तर कुंडीबाहेर क्षारांचे पांढरे थर जमतात. काहींना ते जुनेपणाचे सौंदर्य वाटते, नको असल्यास ब्रशने घासून काढावेत. गेरू लावलेली कुंडी श्वास घेऊ शकते, तेलरंग फासलेली कुंडी तेवढी घेऊ शकत नाही आणि तिचा रंगही ओलाव्याने पोपडे धरतो.

प्लॅस्टिक, फायबर आणि झिलईच्या कुंड्यांत ओलावा जास्त काळ टिकतो. नेचे आणि पीस लिली यांना त्या मानवतात. पत्र्याची कुंडी उन्हात तापते आणि मुळे भाजून काढते, म्हणून ती सावलीतच ठेवावी.

कोणत्याही कुंडीला तळाशी भोक हवेच. भोक नसलेल्या कुंडीत तळाला खडी घातली की काम भागते, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. पाणी बारीक कणांच्या मातीतून खडीत सहज उतरत नाही, उलट खडीच्या वरच्या थरात साचून राहते आणि मुळांना त्याचा त्रास होतो. भोकावर खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा कपडा ठेवला, तर माती वाहून जात नाही, एवढे पुरेसे असते.

कुंडीचा आकारही बेताचा असावा. कुंडी बदलताना नवी कुंडी जुनीपेक्षा फार तर दोन इंच रुंद घ्यावी. मोठ्या कुंडीत लहान रोप लावले की जादा माती ओलीच राहते आणि मुळे कुजतात. दिसण्याच्या दृष्टीने झाड कुंडीच्या साधारण दुप्पट उंचीचे असल्यास प्रमाण साधते.

देखणेपणाच्या पलीकडे

झाडे निवडताना काही जाहिरातींवर विसंबून चालत नाही. अमुक झाड घरातील हवा शुद्ध करते, असा दावा वारंवार केला जातो. त्याचा आधार म्हणजे अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. ते प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. घरातील खेळत्या हवेइतका परिणाम साधायचा तर प्रत्येक चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारापर्यंत झाडे लागतील, असे त्यांना आढळले. दिल्लीच्या हिवाळ्यातील धुरक्यावर दोन कुंड्यांचा इलाज चालणार नाही. झाडे लावावीत ती त्यांच्या हिरवेपणासाठी आणि त्यांची निगा राखण्यात मिळणाऱ्या समाधानासाठी.

घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर निवड अधिक जपून करावी. डिफेनबेकिया या ठिपकेदार पानांच्या लोकप्रिय झाडात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. मनीप्लांट, मॉन्स्टेरा आणि पीस लिली यांतही ते असतात, म्हणून ही झाडे हाताला न लागतील अशा उंचीवर ठेवावीत. कोणी पान चावल्यास तोंड पुसून काढावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पामसारखा दिसणारा सायकस कुत्र्यांसाठी घातक विषारी आहे. बाहेर सज्जात शोभणारी कण्हेरही विषारीच. अशा घरांसाठी अरेका पाम, स्पायडर प्लांट, बोस्टन नेचा, कॅलेथिया आणि पेपेरोमिया ही झाडे निर्धोक आहेत आणि वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक शैलीत ती बसतात.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले स्वच्छ पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालण्यास पुरते. अंड्यापासून डास तयार होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून सर्व ताटल्या, शोभेच्या बाहेरच्या कुंड्या आणि मनीप्लांटच्या बाटल्या रिकाम्या करून घासाव्यात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नसते. तसेच बारा इंची मातीची कुंडी पाण्यासह वीस ते पंचवीस किलोंची होऊ शकते. ती सज्जाच्या कठड्यावर मोकळी ठेवणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. सज्जात मातीबरोबर काथ्याचा भुसा आणि गांडूळखत मिसळल्यास वजन कमी होते.

घरी आणल्यावर

रोपवाटिकेत झाडे हिरव्या जाळीखाली, दमट हवेत वाढवलेली असतात. विकत घेताना पानांच्या मागची बाजू आणि देठांचे बेचके पाहावे. कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण असतो, असे रोप घेऊ नये. घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलण्याची घाई करू नये. दोन आठवडे त्याला नव्या जागेची सवय होऊ द्यावी. या काळात दोन-चार पाने गळली तर घाबरण्याचे कारण नाही.

घरातील झाडे पाण्याअभावी मरतात त्यापेक्षा जास्त पाण्याने अधिक मरतात. बोट मातीत इंचभर खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांची माती पूर्ण वाळू द्यावी. पावसाळ्यात पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर आणाव्यात. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण धुळीच्या थरामुळे आधीच कमी असलेला उजेड आणखी घटतो. कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवल्यास झाड एका बाजूला झुकत नाही.

या सर्वांची सुरुवात खरेदीपूर्वी व्हावी. सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि सायंकाळी घरातील ऊन कोठे येते, किती वेळ थांबते आणि कोठून मावळते, एवढे टिपून ठेवावे. तो कागद हाती घेऊन रोपवाटिकेत गेल्यास योग्य झाड सुचवणे विक्रेत्यालाही सोपे जाते. कुंडीची हौस त्यानंतर मनसोक्त करता येते. पुढे घराचा रंग बदलला, फर्निचर बदलले, तर कुंडीही बदलता येईल. योग्य जागी रुजलेले झाड मात्र तेच राहील आणि वर्षागणिक घराइतकेच आपले होत जाईल.